श्रद्धा, न्याय आणि पाहुणे विद्वान : केलनियाच्या ‘तुलना’ केंद्राच्या निमित्ताने

ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या अभ्यासकेंद्रांनी देशोदेशींच्या विद्वानांना काही काळ निवासासाठी बोलवावे, त्यांच्याकडून ‘श्रद्धा आणि सामाजिक न्याय’ या विषयावर व्याख्याने करवावीत आणि त्या व्याख्यानांचे पुढे ग्रंथ व्हावेत, ही प्रथा आता पुष्कळ जुनी झाली आहे. आपल्या समाजात तिच्याकडे दोन टोकांच्या दृष्टींनी पाहिले जाते. काहींना ती धर्मांतराची नवी युक्ती वाटते. काहींना, विशेषतः परदेशातील एखादे निमंत्रण हाती पडलेल्या तरुण अभ्यासकांना, ती निखळ ज्ञानसेवा वाटते. ही दोन्ही मते आम्हांस घाईची वाटतात. कोणत्याही प्रथेची परीक्षा करावयाची, तर तिच्या सर्वांत चांगल्या उदाहरणावरून करावी. हीन उदाहरण खोडून काढण्यास विद्वत्ता लागत नाही, आणि त्यातून आपल्या हाती काही पडतही नाही.

न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीचे नाव या संदर्भात वारंवार घेतले जाते. ही सेमिनरी १९१० साली मॉर्निंगसाइड हाइट्स भागात आली. तिच्यासमोर, ब्रॉडवे रस्त्याच्या पलीकडे, कोलंबिया विद्यापीठ आहे, आणि १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे शिकत होते. १९३०-३१ मध्ये डीट्रिश बॉनहॉफर हा तरुण जर्मन ईश्वरविद्यापंडित त्या सेमिनरीत पाहुणा अभ्यासक म्हणून राहिला. पुढे हिटलरच्या राजवटीने त्याला १९४५ साली फाशी दिले. सेमिनरीतील वर्गांनी त्याचे फारसे समाधान झाले नाही. त्याच्यावर खरा ठसा उमटला तो जवळच्या हार्लेम वस्तीतील कृष्णवर्णीयांच्या ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचा. तेथे तो रविवारी मुलांना शिकवीत असे. याच सेमिनरीत पुढे जेम्स कोन यांनी कृष्णवर्णीयांची ईश्वरविद्या अनेक वर्षे शिकविली. त्यांचा त्या विषयावरील पहिला ग्रंथ १९६९ सालचा आहे. आम्ही हे एवढ्यासाठी सांगतो, की निमंत्रण सेमिनरीने दिले तरी बॉनहॉफरचे खरे शिक्षण ज्यांनी केले, त्यांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर कोठेही नव्हते. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हा प्रश्न आमच्या विवेचनात पुन्हा येणार आहे.

आता आपल्याला अधिक जवळच्या भूमीकडे, श्रीलंकेकडे वळू. जानेवारी १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे कोलंबोस आले, तेव्हा ज्येष्ठ बौद्ध महास्थविरांनी त्यांच्या आंतरधर्मीय भेटीकडे पाठ फिरविली. कारण उघड होते. आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात पोपमहाशयांनी बौद्ध धम्म हा बव्हंशी निरीश्वरवादी असून त्याचा मुक्तिमार्ग नकारात्मक आहे, असे मत मांडले होते. ‘निरीश्वरवादी’ या शब्दाचा आम्हांस राग येण्याचे कारण नाही. तो आम्ही आनंदाने स्वीकारतो. दुःख दुसऱ्या गोष्टीचे होते. एवढ्या मोठ्या धर्मसंस्थेच्या प्रमुखाला निब्बाणाचा अर्थ ‘जगापासून पळणे’ असाच सांगितला गेला होता, आणि ज्या देशात तो अर्थ दुरुस्त करून देऊ शकणारा माणूस त्याच्याच चर्चमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ बसला होता, त्याच देशात हा प्रसंग घडला.

तो माणूस म्हणजे येशूसंघीय धर्मगुरू फादर अलॉयसियस पीरिस. १९३४ साली जन्मलेल्या पीरिस यांनी १९७२ साली श्रीलंकेच्या विद्यापीठातून बौद्ध तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळविली. त्या विद्यापीठातून या विषयातील डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू मानले जातात. त्यांचा विषय पाली अभिधम्म वाङ्मय. आमच्या क्षेत्रातील वाचकांस हे सांगावयास नकोच, की अभिधम्माच्या अट्ठकथा-टीकांत शिरणे हे पाहुण्याचे काम नव्हे; तेथे वर्षानुवर्षे घर करून राहावे लागते. १९७४ साली त्यांनी कोलंबोजवळ केलनिया येथे ‘तुलना’ नावाचे अभ्यासकेंद्र स्थापन केले. देशोदेशींचे ख्रिस्ती अभ्यासक, संशोधक आणि बौद्ध भिक्खू तेथे येत राहिले.

या नावाविषयी थोडे विषयांतर करण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. मराठीत तुलना म्हणजे दोन वस्तू शेजारी ठेवून पाहणे. पालीत हा शब्द तोलून पाहणे, पारखणे या अर्थाने येतो, आणि मज्झिमनिकायातील चङ्कीसुत्तात त्याला एक नेमके स्थान आहे. कापठिक नावाचा सोळा वर्षांचा ब्राह्मणकुमार ज्येष्ठांच्या संभाषणात मध्येच बोलू लागतो. परंपरेने आलेले मंत्र तेवढे खरे, या दाव्याविषयी तो तथागतांना प्रश्न विचारतो. तेव्हा तथागत त्याला सत्यापर्यंत पोहोचण्याच्या पायऱ्या सांगतात. आधी जवळ जाणे, बसणे, कान देणे, ऐकणे, ध्यानात ठेवणे, अर्थाची परीक्षा करणे. त्यानंतर मनाची ओढ, उत्साह, आणि मग तुलना. म्हणजे तोलणे ही आरंभीची नव्हे, तर बरीच उशिराची पायरी आहे. ज्याने जवळ जाऊन ऐकलेच नाही, त्याला तोलण्याचा अधिकार नाही. फादर पीरिस यांनी या पायऱ्या चढल्या आहेत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

‘तुलना’ केंद्रात किंग्स्ली गुणतिलक या बौद्ध शिल्पकाराने घडविलेले मातीचे एक मोठे भित्तिशिल्प आहे. आम्ही ते छायाचित्रातच पाहिले आहे. बायबलमधील प्रसंग असा, की बारा वर्षांचा येशू मंदिरात विद्वान गुरूंच्या मध्ये बसून त्यांचे ऐकतो व त्यांना प्रश्न विचारतो. येशूला शिकविताना न दाखविता ऐकताना दाखवावे, ही निवडच पुष्कळ काही सांगते. हतिगम्मन उत्तरानंद थेर या भिक्खू चित्रकारानेही येशूच्या जीवनातील प्रसंग रंगविले आहेत. आपल्या देवाचे चित्र परधर्मीय भिक्खूकडून काढवून घ्यावे आणि जे निघेल ते भिंतीवर लावावे, एवढे औदार्य किती धर्मसंस्थांत आढळेल? आपल्या विहारांत आढळेल काय?

तथापि औदार्याची ही कथा सांगताना त्याच शहरातील दुसरी घटना विसरता येत नाही. फादर तिस्स बालसूरिय यांनी १९७१ साली कोलंबो येथे समाज व धर्म यांच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन केले होते. मरिया आणि मानवी मुक्ती या विषयावरील त्यांच्या १९९० सालच्या पुस्तकासाठी जानेवारी १९९७ मध्ये त्यांना चर्चमधून बहिष्कृत करण्यात आले. वर्षभराने, जानेवारी १९९८ मध्ये, तो बहिष्कार मागे घेण्यात आला. परक्या विद्वानाचे भिन्न मत ऐकून घेणाऱ्या घरात स्वतःच्या वृद्ध धर्मगुरूचे भिन्न मत मात्र सोसवत नव्हते. बहिष्कार या शब्दाची धार आपल्या वाचकांस वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता फादर पीरिस यांच्या विचाराकडे वळू. जानेवारी १९७९ मध्ये श्रीलंकेतील वेन्नप्पुवा येथे आशियातील ख्रिस्ती ईश्वरविद्यापंडितांची परिषद झाली. तिच्यात त्यांनी एक निबंध वाचला. पुढे १९८८ साली आलेल्या ‘ॲन एशियन थिऑलॉजी ऑफ लिबरेशन’ या ग्रंथाचा तो गाभा ठरला. त्याचा आशय थोडक्यात असा: आशियाची दोन लक्षणे आहेत, दारिद्र्य आणि धार्मिकता. लॅटिन अमेरिकेतील मुक्तिवादी ईश्वरविद्येने पहिले ओळखले, दुसरे ओळखले नाही. येशूने प्रथम यार्देन नदीत दुसऱ्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला व मग तो क्रूसावर गेला. त्याप्रमाणे आशियातील चर्चने आशियाई धर्मांच्या नदीत उतरले पाहिजे आणि आशियाई दारिद्र्याच्या क्रूसावर चढले पाहिजे. एरवी ते आशियात असूनही आशियाचे होणार नाही. युरोपीय मिशनरी वृत्तीवर ख्रिस्ती लेखकाने केलेली याहून कठोर टीका आमच्या वाचनात क्वचितच आली आहे.

परंतु याच मांडणीत तीन ठिकाणी आमचे पाऊल अडते.

पहिले ठिकाण ज्ञान आणि प्रेम यांच्या जोडीचे. फादर पीरिस यांच्या १९८८ सालच्याच दुसऱ्या ग्रंथाचे नाव ‘लव्ह मीट्स विज़्डम’, म्हणजे प्रेमाची प्रज्ञेशी भेट, असे आहे. बौद्ध अनुभवाचा गाभा मुक्तिदायी ज्ञान, आणि ख्रिस्ती अनुभवाचा गाभा उद्धारक प्रेम, असे ते सांगतात. पहिल्यासाठी ग्नोसिस आणि दुसऱ्यासाठी अगापे हे ग्रीक शब्द ते योजतात. दोन्ही धर्मांत दोन्ही गोष्टी आहेत, एकीवाचून दुसरी अपुरी आहे, हेही ते स्पष्ट बजावतात. म्हणून त्यांच्यावर सरळ आरोप करणे अन्यायाचे होईल. पण पाटी एकदा लागली की माल तिच्याप्रमाणे विकला जातो. परिसंवादांतून, पाहुण्या विद्वानांच्या व्याख्यानांतून ही जोडी फिरत राहिली की ऐकणाऱ्याच्या मनात एवढेच उरते: बुद्ध म्हणजे मिटलेले डोळे, ख्रिस्त म्हणजे पसरलेले हात. मग ‘सामाजिक न्याय’ हा विषय आपोआपच यजमानाच्या मालकीचा होतो, आणि बौद्ध पाहुण्याने ध्यानावर बोलावे अशी अपेक्षा तयार होते.

पाली वाङ्मय काय सांगते? विनयपिटकाच्या महावग्गातील एक प्रसंग पाहू. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता. तथागत फिरत तेथे आले. त्यांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी घातले, आनंदाने अंग धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून व आनंदाने पायांकडून त्याला उचलून मंचकावर निजविले. येथपर्यंतची कथा विहारातील लहान मुलांनाही ठाऊक असते. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही, आणि आमच्या मते खरे मर्म तेथेच आहे. तथागतांनी संघ बोलाविला, विचारपूस केली आणि नियम घालून दिला. आजाऱ्याचा उपाध्याय असेल तर त्याने, नसेल तर आचार्याने, तोही नसेल तर सहनिवासी भिक्खूने आणि शेवटी संघाने शुश्रूषा करावी. न केल्यास दुक्कट नावाचा दोष लागावा. करुणा हृदयातून उचंबळून येण्याची वाट येथे पाहिलेली नाही. तिचे उत्तरदायित्व ठरवून दिले आहे आणि ते टाळणाऱ्याला दोषी धरले आहे. आजारी माणसाला मिळणारी सेवा कोणाच्या प्रेमावर अवलंबून राहिली नाही. तो त्याचा हक्क झाला. हे ग्नोसिसच्या कप्प्यात बसत नाही, आणि अगापेच्याही बसत नाही. न्याय या शब्दाने आज आपण जे समजतो, त्याच्या हे फार जवळ आहे.

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्तही पाहण्यासारखे आहे. राजा प्रजेचे रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, हत्येतून असत्य. मधल्या टप्प्यात राजा पकडून आणलेल्या चोराला धन देऊन पाहतो, तर चोऱ्या वाढतात. मग शिरच्छेद करून पाहतो, तर लोकही शिरच्छेद करू लागतात. दानशूरपणा आणि दंड हे दोन्ही उपाय येथे अपुरे ठरविले आहेत. कूटदन्तसुत्तात उपाय येतो: शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, सेवकाला वेतन. अर्थात एक गोष्ट लपविता येणार नाही. या दोन्ही कथा राजांच्या आहेत. देणारा वर आहे, घेणारा खाली आहे, आणि निर्धन मनुष्य स्वतः काही बोलत नाही. तो बोलतो थेरगाथेत. कोमेजलेली फुले झाडून उपजीविका करणारा सुनीत थेर तेथे आपली कथा आपल्या तोंडाने सांगतो.

दुसरे ठिकाण दारिद्र्याचे. लादलेले दारिद्र्य हे पाप आणि स्वेच्छेने पत्करलेले दारिद्र्य ही साधना, असा भेद फादर पीरिस करतात. चीवर आणि भिक्षापात्र एवढ्यावर राहणारा भिक्खू त्यांना धनलोभाविरुद्ध उभा राहिलेला साक्षीदार वाटतो. भेद योग्य आहे. पण या चर्चा ऐकताना आम्हांस नेहमी एक प्रश्न पडतो, की स्वेच्छेने दरिद्री होण्याची चैन कोणाला परवडते? आमच्या आजोबांना ती परवडत नव्हती. टाकून देण्याजोगे त्यांच्यापाशी काही नव्हते. अंगुत्तरनिकायात तथागत अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगतात: सचोटीने मिळविलेले धन असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे सुख, ऋण नसण्याचे सुख आणि निर्दोष जीवनाचे सुख. त्याच निकायात दारिद्र्य हे गृहस्थासाठी दुःख आहे, असे स्वच्छ म्हटले आहे. दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा, तगाद्यातून बंधन ही साखळीही तेथे आहे. सावकाराच्या दारात उभे राहिलेल्या माणसाला त्यावरील भाष्य वाचावे लागणार नाही. बाबासाहेबांनी १९५० साली ‘महाबोधी’ मासिकात बुद्धाच्या धर्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. त्यात धर्माच्या कसोट्या सांगताना, धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देता कामा नये, ही कसोटी त्यांनी मुद्दाम घातली. ‘श्रद्धा आणि न्याय’ या विषयावर पाहुणे बोलावणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही कसोटी आपल्या व्याख्यानांना लावून पाहावी.

याच ठिकाणी आमच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी भिक्खूविषयी विचारलेला प्रश्न अजून उभाच आहे: तथागतांनी भिक्खू निर्माण केला तो स्वतः परिपूर्ण होण्यासाठी, की समाजसेवक म्हणून? पहिले उत्तर खरे असेल तर धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, असे त्यांचे मत होते. ख्रिस्ती विद्वान आमच्या धम्माला ‘ज्ञानमार्गी’ म्हणतो म्हणून त्याच्यावर रागावण्यापूर्वी आपल्या विहारातील भिक्खू आठवड्यातील किती तास कोणाच्या आजारपणात घालवितो, हे पाहावे.

तिसरे ठिकाण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. आशियातील धर्म कसे पसरले, हे सांगताना फादर पीरिस यांनी हेलिकॉप्टरचे रूपक योजले आहे. देव, यक्ष, पूर्वज, ग्रह, निसर्गशक्ती यांची लोकधर्मीय उपासना ही जमीन, उतरण्याची जागा. बौद्ध, हिंदू, ख्रिस्ती, इस्लाम हे महान मुक्तिधर्म म्हणजे हेलिकॉप्टरे. जे आधी उतरले त्याने जागा घेतली; त्यानंतर दुसऱ्याला तेथे उतरणे कठीण. म्हणून, ते म्हणतात, लोकधर्मातून मुक्तिधर्मात लोक सहज जातात, पण एका मुक्तिधर्मातून दुसऱ्यात समूहाने जाणे, लष्करी बळ वगळता, जवळजवळ अशक्य असते. बौद्ध देशांत ख्रिस्ती मिशन का रुजले नाही, याचे उत्तर म्हणून हे रूपक उपयुक्त आहे, आणि मिशनऱ्यांच्या अहंकाराला त्याने चांगलाच चाप बसतो.

परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले, त्याचे काय करावयाचे? लाखो लोक एका दिवशी एका धर्मातून दुसऱ्या धर्मात गेले. कोणाच्या हाती शस्त्र नव्हते, कोणी पोटाला काही देऊ केले नव्हते. सिद्धान्ताचा कैवारी म्हणेल, की हे लोक मुळात ब्राह्मणी मुक्तिधर्मात नव्हतेच. मरीआई, म्हसोबा, खंडोबा ही त्यांची दैवते, म्हणून जागा मोकळीच होती. पण ती मोकळी नव्हती. चोखोबांची परंपरा होती, कबीरपंथ होता. बाबासाहेबांचे वडील स्वतः कबीरपंथी होते. पूर्वी उतरलेल्यांच्या खुणा महारवाड्यात ठिकठिकाणी होत्या. आणि ज्यांना हा सिद्धान्त जमीन समजतो, त्या लोकदैवतांनाही बावीस प्रतिज्ञांनी निरोप दिला. सिंहली बौद्ध समाजात देवळे आणि विहार शेजारी नांदले. नागपुरात जमीनच साफ केली गेली. ती कोणा पुरोहिताने केली नाही, उभ्या राहिलेल्या लोकांनी आपल्या तोंडाने प्रतिज्ञा म्हणत केली.

शिवाय दीक्षेचा क्रम पाहावा. कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना व माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले. त्यानंतर बाबासाहेबांनी, एका गृहस्थाने, समोरच्या जनसमुदायाला दीक्षा दिली. परंपरागत विनयाच्या दृष्टीने ही अपूर्व गोष्ट होती, आणि तेव्हा तिच्यावर टीकाही झाली. पाहुणा म्हणून आलेला भिक्खू आपले काम करून बाजूला बसला आणि घरच्या माणसाने घरच्यांना धम्म दिला. हेलिकॉप्टरच्या रूपकात वैमानिक आहे, यंत्र आहे, जमीन आहे. त्यात जमिनीने उठून ‘आम्हांस हे हवे, ते नको’ असे म्हणण्याची सोय नाही. या उणिवेचा दोष आम्ही एकट्या फादर पीरिस यांना देत नाही. चर्चच्या पाहुणा-विद्वान परंपरेत दलित-दरिद्री मनुष्य बहुतेक वेळा विषय असतो. तो कळवळ्याचा, कधी गौरवाचा विषय असतो, पण निमंत्रण देणाऱ्यांत तो नसतो.

सिंहली बौद्ध धम्माविषयी अभिमान बाळगताना आपणही सावध असावे. १९५० साली कँडी येथे जागतिक बौद्ध बंधुत्व परिषद स्थापन झाली, तेव्हा बाबासाहेब तेथे उपस्थित होते, हे आपण नेहमी सांगतो. पण त्याच कँडीत १७५३ साली सयाममधून आलेल्या उपाली थेरांनी उपसंपदा पुन्हा सुरू केली आणि पुढे त्या सयाम निकायात केवळ गोविगम जातीच्या पुरुषांनाच प्रवेश राहिला. इतर जातींच्या भिक्खूंना उपसंपदेसाठी ब्रह्मदेशी जावे लागले आणि १८०३ च्या सुमारास अमरपुर निकाय निर्माण झाला. थेरांचे नाव उपाली होते, हे आम्हांस विशेष बोचते. शाक्य राजपुत्रांनी आपला अहंकार उतरावा म्हणून आपल्याआधी ज्या नाभिकाला प्रव्रज्या देण्याची विनंती केली, तोच विनयधर उपाली. केलनियाला जाणाऱ्या पाहुण्याला, तो ख्रिस्ती असो वा आमच्यातला, बौद्ध धम्म भेटतो तो भिक्खूंच्या मुखातून. त्यामागचा हा जातीचा इतिहास त्याने स्वतः शोधून काढला पाहिजे.

ख्रिस्ती धर्मसंस्थेविषयी बाबासाहेबांनी लिहिलेले निबंध महाराष्ट्र शासनाने १९८९ साली इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांच्या शाळा व दवाखाने यांची सेवा ते तेथे मोकळेपणाने मान्य करतात, आणि मग विचारतात, की धर्मांतरित अस्पृश्यावरील अन्यायाविरुद्ध या सेवेतून एखादी चळवळ का उभी राहिली नाही? या प्रश्नाला चर्चच्या आतून पहिले ठोस उत्तर मिळू लागले ते १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी दिलेल्या व्याख्यानापासून. पुढे चेन्नईच्या गुरुकुल संस्थेत दलित ईश्वरविद्येचा स्वतंत्र विभागच झाला. आम्हांस वाटते, की आपला खरा संवाद या मंडळींशी होणे आहे. निर्वाण आणि देवराज्य यांच्या तुलनेसाठी विद्वान पुष्कळ मिळतील. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींची यादी धर्माशी बांधली; १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, पण त्या दुरुस्तीने ख्रिस्ती दलिताला वगळले. एकाच वाड्यातील दोन भावांपैकी एकाचा दाखला ग्राह्य ठरला, दुसऱ्याचा नाही. तेव्हा आपल्यापैकी कितीजण त्या दुसऱ्या भावासाठी बोलले?

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी आमच्या परिचयाच्या विहारात अशाच एका ख्रिस्ती पाळकांचे व्याख्यान ठेवले होते. ते आमच्याच समाजातून दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेल्या घरातले. विषय होता ‘बायबल आणि सामाजिक न्याय’. व्याख्यान चांगले झाले. त्यानंतर प्रश्नोत्तरे सुरू झाली आणि प्रश्न एकच, फिरून फिरून: तुम्ही बौद्ध का होत नाही? एकाने तर त्यांच्या आजोबांनी दुधाच्या पावडरीसाठी धर्म सोडला, असे सुचविले. आम्ही अध्यक्षस्थानी होतो आणि त्या गृहस्थाला थांबविण्यास आम्हांस उशीर झाला, हे आजही आठवते. पाळक शांतपणे म्हणाले, “साहेब, आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी नव्हते, मिशनच्या विहिरीवर होते. पुढे चर्चमध्येही त्यांना मागच्या बाकावर बसविले, तेही खरे आहे.”

कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना त्यांनी आम्हांस बाजूला बोलाविले. चक्कवत्तिसीहनादसुत्ताविषयी आम्ही समारोपात जे बोललो, ते त्यांना मूळ पालीतून वाचावयाचे होते. “सर, मला दोन-तीन महिने येथे राहता येईल का? जेवणाची सोय मी माझी करीन. कोणी शिकविणारे असेल तर रोज तासभर बसेन.” आम्ही व्यवस्थापक मंडळींना विचारले. विहाराच्या माडीवर दोन खोल्या होत्या. एकीत मंडपाचे कापड, ध्वनिक्षेपक आणि जयंतीच्या मिरवणुकीच्या रथाचा सांगाडा होता. दुसरीला कुलूप होते, आणि तिची किल्ली कोणाकडे आहे हे त्या दिवशी कोणालाच सांगता आले नाही.